चुकलेले दार : यजमान कुटुंबात राहणाऱ्या योशिहिरो हात्तोरीचे प्रकरण

शालेय वयात वर्षभरासाठी परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या पालकांशी बोलताना त्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. ज्या कुटुंबात राहायचे त्या घरात माणसे किती, मुलीला वेगळी खोली मिळेल का, शाकाहारी जेवणाचे काय, शाळा किती लांब, आठवड्यातून किती वेळा फोन करता येईल. प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे मिळालीच पाहिजेत. परंतु विनिमय विद्यार्थ्यांच्या पूर्वतयारीच्या बैठका घेताना मी एक जुने प्रकरण प्रत्येक वेळी सविस्तर मांडतो, कारण या प्रश्नांत न येणारी एक गोष्ट त्यात आहे. काही पालकांना ते ऐकून भीती वाटते, आणि मुले निघण्याच्या तोंडावर हे कशाला सांगता, असेही मला विचारले गेले आहे. तरीही मी ते सांगतो. हे प्रकरण नागोया शहरातील योशिहिरो हात्तोरी या सोळा वर्षांच्या मुलाचे, आणि अमेरिकेत ज्यांनी त्याला घरात घेतले त्या हेमेकर कुटुंबाचे.

मुलगा आणि घर

योशिहिरोचा जन्म २२ नोव्हेंबर १९७५ चा. घरचे आणि मित्र त्याला योशी म्हणत. ऑगस्ट १९९२ मध्ये तो एएफएस या संस्थेच्या विनिमय कार्यक्रमातून, एका जपानी प्रतिष्ठानाची शिष्यवृत्ती मिळवून, अमेरिकेतील लुईझियाना राज्याची राजधानी बॅटन रूज येथे पोहोचला. एएफएस ही मुळात पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णवाहिकांतून वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांची संघटना. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४७ पासून, तिने शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशांत, एकमेकांच्या घरांत राहायला पाठवण्याचे काम हाती घेतले. युद्धात माणसे मरताना ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना पुढच्या पिढीने परक्या घरात जेवावे, झोपावे आणि तिथले होऊन परत यावे असे वाटले, ही या कार्यक्रमाची मूळ प्रेरणा आहे. त्यामुळेच यजमान कुटुंबाला मोबदला द्यायचा नाही, अशी संस्थेची परंपरा राहिली. मूल पाहुणा म्हणून नव्हे, भाडेकरू म्हणून तर नव्हेच, घरातले एक म्हणून राहावे, अशी त्यामागची अपेक्षा असते.

योशीचे यजमान रिचर्ड हेमेकर हे लुईझियाना राज्य विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांच्या पत्नी हॉली डॉक्टर होत्या. त्यांना योशीच्याच वयाचा एक मुलगा होता. विद्यार्थी आणि कुटुंब यांची जुळणी करताना समवयस्क मुलाचे घर शक्यतो निवडले जाते, आणि अनुभवाने सांगायचे तर ही गोष्ट फार उपयोगी पडते. शाळेतल्या बाकावर कोणाशेजारी बसायचे, कोणत्या विनोदावर हसायचे, शनिवारी संध्याकाळी कुठे जायचे, हे सगळे सोळा वर्षांच्या मुलाला सोळा वर्षांचाच मुलगा शिकवू शकतो. योशीचे इंग्रजी अजून बेताचे होते, पण तो बुजरा नव्हता. त्याला नाचाची आवड होती, त्याच्या चालण्याबोलण्यात उत्साह होता, आणि शब्द कमी पडले की तो हावभावांनी वेळ निभावून नेत असे. पुढे खटल्यात याच गोष्टीला वेगळेच वळण मिळाले.

दोन महिन्यांचा काळ विनिमय विद्यार्थ्याच्या दृष्टीने नाजूक असतो. पहिल्या आठवड्यांतले बावरलेपण सरलेले असते, घरच्या आठवणीने कोलमडून पडण्याचा काळ बहुतेकांच्या बाबतीत अजून यायचा असतो, आणि मधल्या या टप्प्यात मुले सर्वाधिक उत्साही व सर्वाधिक निर्धास्त असतात. यजमान घर आपलेसे झालेले असते, म्हणून त्या घराभोवतीचे सगळे शहरही आपलेसे झाले आहे, असे त्यांना वाटू लागते. ही समजूत चुकीची असते, पण त्या वयात आणि त्या टप्प्यावर ती स्वाभाविकच असते.

शनिवारची संध्याकाळ

१७ ऑक्टोबर १९९२ रोजी शनिवार होता. हॅलोविनला अजून दोन आठवडे अवकाश होता, तरी त्या भागातील जपानी विनिमय विद्यार्थ्यांसाठी त्या संध्याकाळी एका घरी वेषभूषेची पार्टी ठेवली होती. योशीने सत्तरच्या दशकातील एका गाजलेल्या नृत्यपटाच्या नायकासारखा पांढरा कोट चढवला होता. हेमेकरांचा मुलगा अपघातात जखमी झालेल्या माणसाच्या सोंगात होता. गाडी तोच चालवत होता, कारण विनिमय विद्यार्थ्याने वाहन चालवायचे नाही, हा एएफएसचा पक्का नियम आहे.

मुलांकडे पत्ता होता. मात्र घर क्रमांकातील अंकांची अदलाबदल होऊन ती त्याच रस्त्यावरील दुसऱ्याच घरापुढे पोहोचली. त्या घरावरही हॅलोविनची सजावट होती, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. त्यांनी पुढच्या दाराची घंटा वाजवली. पुढचे दार उघडले नाही. गाडी उभी करण्याच्या छपराखालील बाजूचे दार घरातील बाईंनी उघडले, बाहेर पाहिले आणि लगेच लावून घेतले. आत जाऊन त्यांनी नवऱ्याला बंदूक आणायला सांगितले. आपल्याला काय दिसले ते त्यांनी सांगितले नाही आणि नवऱ्यानेही विचारले नाही. घरात लहान मुले होती. तीस वर्षांच्या घरमालकाने .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर घेतले आणि तो त्याच बाजूच्या दाराशी आला.

तोपर्यंत मुले घर चुकले असावे असे समजून गाडीकडे निघाली होती. दार पुन्हा उघडल्याचे पाहून योशी वळला आणि आपण पार्टीसाठी आलो आहोत, असे इंग्रजीत सांगत दाराच्या दिशेने जाऊ लागला. घरमालकाने 'फ्रीझ' असे ओरडून सांगितले. हेमेकरांच्या मुलाला बंदूक दिसली आणि त्याने योशीला थांबवण्यासाठी हाक मारली. योशीने त्या रात्री कॉन्टॅक्ट लेन्स लावलेल्या नव्हत्या, त्यामुळे समोरच्या हातात काय आहे ते त्याला दिसले होते की नाही हे कधीच कळणार नाही. साधारण दीड मीटर अंतरावरून सुटलेली एक गोळी त्याच्या छातीत लागली. दार बंद झाले. हेमेकरांचा मुलगा मदतीसाठी शेजारच्या घराकडे धावला. रुग्णालयाच्या वाटेवर, रुग्णवाहिकेतच योशीचा मृत्यू झाला. ज्या घरी पार्टी होती ते घर तिथून काही दारे पलीकडे होते.

दोन न्यायालये

सुरुवातीला पोलिसांनी घरमालकाची चौकशी करून त्याला सोडून दिले. न्यू ऑर्लिन्स येथील जपानी वाणिज्य दूतावास आणि राज्याचे गव्हर्नर एडविन एडवर्ड्स यांनी लक्ष घातल्यानंतर त्याच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. मे १९९३ मध्ये खटला चालला. सहा फुटांहून उंच, हाती शस्त्र असलेल्या माणसाला, दाराची घंटा वाजवून आलेल्या निःशस्त्र आणि किरकोळ अंगकाठीच्या मुलाची एवढी भीती वाटणे वाजवी नव्हते, असे सरकारी पक्षाचे म्हणणे होते. बचाव पक्षाने आपला अशील चारचौघांसारखा कुटुंबवत्सल माणूस असल्याचे मांडले, आणि योशीची हालचाल, त्याची वेगाने पुढे येण्याची ढब, कोणालाही धोकादायक वाटावी अशी होती, असा युक्तिवाद केला. २३ मे १९९३ रोजी ज्यूरीने सुमारे तीन तासांच्या विचारविनिमयानंतर आरोपीला निर्दोष ठरवले.

योशीच्या आईवडिलांनी त्यानंतर दिवाणी दावा लावला. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या रात्री जीवघेण्या शस्त्राचा वापर करण्याचे काहीही समर्थन नव्हते, असे त्यांनी ठरवले आणि साडेसहा लाख डॉलर्सहून अधिक नुकसानभरपाई मंजूर केली. १९९५ मध्ये अपिलातही हा निकाल कायम राहिला. मृत मुलाच्या वागण्यात दोष होता, हा बचाव तिथे टिकला नाही. फौजदारी आणि दिवाणी न्यायालयांचे निकाल एकमेकांच्या उलट लागल्याचे आपल्याकडच्या वाचकाला नवल वाटू शकेल, परंतु फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर दिवाणी दाव्यात कोणाची बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते. एकाच रात्रीकडे दोन वेगळ्या मापांनी पाहिले गेले.

एका शब्दाचा दोष

या घटनेनंतर जपानमध्ये सर्वाधिक चर्चा झाली ती 'फ्रीझ' या शब्दाची. शाळेत शिकलेल्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ गोठणे एवढाच होता. 'हलू नका, नाहीतर गोळी घालीन' हा त्याचा दुसरा अर्थ योशीला माहीत नसावा, किंवा त्याने तो 'प्लीज' असा ऐकला असावा, असे अनेकांनी मांडले. आपल्या मुलांचीही स्थिती वेगळी नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला या शब्दाची ओळख असते ती स्वयंपाकघरातल्या फ्रीजमुळे आणि विज्ञानाच्या पुस्तकातल्या पाण्याच्या गोठणबिंदूमुळे. म्हणून हा शब्द, त्याचा हा अर्थ, आणि तो ऐकताच हात दिसतील असे ठेवून जागच्या जागी उभे राहणे, हे मी मुलांना शिकवतो. शिकवलेच पाहिजे.

परंतु मृत्यूचे कारण म्हणून हा शब्द पुढे करणे मला पटत नाही, आणि हे प्रकरण दरवर्षी मांडण्यामागे माझा मुख्य हेतू हाच आहे. तो शब्द आणि ती गोळी यांच्यात जेमतेम काही क्षण होते. त्याआधीची बरीच मिनिटे मात्र रिकामी पडलेली होती. घंटा वाजली तेव्हा आतून कोणी 'कोण आहे' असे विचारले नाही. बाईंनी नवऱ्याला काय दिसले ते सांगितले नाही, त्याने विचारले नाही, दारे लावून आत थांबून पोलिसांना बोलावले नाही. मुले परत निघाली होती, तरी दार पुन्हा उघडले गेले. यातील एकही गोष्ट योशीच्या इंग्रजीवर अवलंबून नव्हती. 'त्याला शब्द कळला नाही' असे म्हटले की सगळा भार आलेल्या पाहुण्यावर पडतो, आणि ज्याने शस्त्र उचलले त्याचा निर्णय निसर्गात घडून जाणाऱ्या गोष्टीसारखा वाटू लागतो.

भाषेची सबब किती अपुरी आहे ते पुढच्या काळाने दाखवून दिले. १३ एप्रिल २०२३ रोजी कॅन्सस सिटी येथे सोळा वर्षांचा एक मुलगा आपल्या धाकट्या भावांना आणायला गेला. एकाच क्रमांकाचे दोन रस्ते, एकाच्या नावात 'स्ट्रीट' आणि दुसऱ्याच्या नावात 'टेरेस', यात त्याची गल्लत झाली. त्याने घंटा वाजवली आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या घरमालकाने दारातूनच त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो वाचला. तो अमेरिकेतच वाढलेला होता आणि इंग्रजी ही त्याची स्वतःची भाषा होती. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क राज्यातील हेब्रॉन येथे चुकीच्या घराच्या आवारात शिरून मागे वळणाऱ्या गाडीतील वीस वर्षांची तरुणी गोळीने ठार झाली. तिथल्या घरमालकाला मात्र २०२४ मध्ये खुनासाठी दोषी ठरवून किमान पंचवीस वर्षे ते आजन्म अशी शिक्षा झाली.

आपल्या वाड्यांत आणि चाळींत चुकीचे दार वाजवणे ही रोजची गोष्ट होती, आणि सोसायट्यांतही आहे. दार किलकिले होते, 'कोण पाहिजे?' असे विचारले जाते, आणि 'ते पलीकडच्या जिन्याने वर' असे सांगून दार लागते. कधी कपाळाला आठी असते, कधी आवाज चढलेला असतो, पण प्रश्न आधी येतो. नागोयामध्ये वाढलेल्या मुलालाही हेच ठाऊक होते. जपानमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, आणि भारतातही १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक ठेवता येत नाही. दाराआड शस्त्र असू शकते ही कल्पनाच या मुलांच्या मनाच्या आसपास नसते. शब्दकोश देऊन ती येत नाही.

यजमान घराला काय ठाऊक असते

हेमेकर कुटुंबाचे काही चुकले का, हा प्रश्न बैठकीत हटकून येतो. मला वाटते, नाही. मुलगा स्वतःच्याच मुलाबरोबर, ठरलेल्या ठिकाणी, इतर विनिमय विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला गेला होता. कोणत्याही काळजीवाहू आईवडिलांनी तेवढेच केले असते. तरीही या प्रकरणातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. यजमान कुटुंब आपल्याला त्यांच्या देशाची ओळख करून देते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात ते आपल्या वर्तुळाची ओळख करून देते. प्राध्यापक आणि डॉक्टर यांचे घर एका वर्तुळात होते, शहराच्या दुसऱ्या भागातील ते घर दुसऱ्या. हेमेकरांचा मुलगा त्याच शहरात राहणारा, तिथलीच भाषा बोलणारा होता. त्यालाही दार पुन्हा उघडेपर्यंत कशाचा अंदाज आला नाही. स्थानिक असणे म्हणजे सगळे शहर ठाऊक असणे नव्हे.

दुसरी गोष्ट योशीच्या चालीची. ज्या हालचालींना बचाव पक्षाने धोक्याचे लक्षण म्हटले, त्या हेमेकरांच्या घरात दोन महिने रोज दिसत होत्या. तिथे त्यांना उत्साह म्हणत असत. यजमान कुटुंब मुलाला जेवू घालते, शाळेत सोडते, हे दिसते. न दिसणारे काम असे की ते त्या मुलाचे हसणे, त्याचे गप्प होणे, त्याचे पटकन पुढे येणे, यांचे अर्थ हळूहळू शिकते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना, शाळेला, मित्रांच्या घरांना ते समजावून सांगत राहते. त्या चुकलेल्या घरापर्यंत हे काम पोहोचण्याचा संभवच नव्हता.

म्हणून आता मी पालकांना काही जास्तीचे प्रश्न विचारायला सांगतो, आणि विचारताना संकोच करू नका असेही सांगतो. घरात बंदूक आहे का, असल्यास ती कुलपात असते का, ज्या मित्रांच्या घरी मूल जाणार त्यांचे काय. हा प्रश्न अपमानास्पद नाही. जबाबदार यजमान त्याचे सरळ उत्तर देतात. मुलांना सांगतो की अनोळखी घरी जाताना गाडीतून उतरण्याआधी फोन करा, आतल्या ओळखीच्या माणसाला बाहेर बोलवा, घंटा वाजवल्यावर उत्तर आले नाही तर दुसऱ्या दारापाशी जाऊ नका, परत फिरलात तर परतच फिरा. यामुळे धोका कमी होतो. तो नाहीसा होतो असे मी पालकांना कधीही सांगितलेले नाही, कारण २०२३ मधल्या घटना मोबाइल आणि नकाशे हाताशी असण्याच्या काळातल्या आहेत.

त्यानंतर

मुलाचा मृत्यू परक्या देशात, परक्या कुटुंबाच्या देखरेखीत असताना झाल्यावर दोन कुटुंबांमधले नाते तुटून जाणे अगदी समजण्यासारखे झाले असते. इथे तसे झाले नाही. योशीचे वडील मासाइची आणि आई मिएको यांनी अमेरिकी घरांतून बंदुका हटवाव्यात अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर जपानमध्ये सह्या गोळा करायला सुरुवात केली, आणि १६ लाखांहून अधिक लोकांनी त्यावर सही केली. हेमेकर दांपत्याने अमेरिकेत तशाच मोहिमेचे काम अंगावर घेतले आणि तिथेही एक लाखाहून अधिक सह्या जमल्या. ज्या शहरात राहायचे, जिथे नोकरी करायची, जिथे ज्यूरीने निर्दोष ठरवलेल्या माणसाबद्दल अनेकांना सहानुभूती होती, तिथे राहून त्यांनी हे केले. यजमानपद विद्यार्थ्याच्या मुक्कामाबरोबर संपते असे त्यांनी मानले नाही, आणि मला या सगळ्या प्रकरणात याहून मोठे काही दिसत नाही.

नोव्हेंबर १९९३ मध्ये हात्तोरी दांपत्याची राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्याशी भेट झाली. त्याच महिन्याच्या ३० तारखेला, पिस्तूल विकण्यापूर्वी ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणे बंधनकारक करणाऱ्या ब्रॅडी कायद्यावर क्लिंटन यांनी सही केली. हा कायदा अनेक वर्षांच्या प्रयत्नांचे फळ होते. तो आधी असता तरी त्या रात्रीचे रिव्हॉल्व्हर त्या घरात असू शकले असते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

नुकसानभरपाईचा आकडा मोठा होता, पण विम्याच्या मर्यादेमुळे आईवडिलांच्या हाती प्रत्यक्षात त्यातील एक लाख डॉलर्सच आले. त्यांनी मुलाच्या नावाने दोन निधी उभे केले. एक शस्त्रनियंत्रणासाठी काम करणाऱ्या संस्थांना मदत करण्यासाठी. दुसरा अमेरिकी शाळकरी मुलांना जपानमध्ये, तिथल्या कुटुंबांच्या घरी राहून शिकायला पाठवण्यासाठी. त्या निधीतून अमेरिकेतील सोळा-सतरा वर्षांची मुले जपानला येतात, एखाद्या अनोळखी दारापाशी बॅग ठेवतात आणि घंटा वाजवतात.